आयनॅचरलिस्ट: कुठल्याच यादीत नसलेल्या जिवासाठी ही सेवा किती कामाची?

ओढ्यातला दगड उलटा करावा, त्याच्या पोटाला चिकटलेला किडा ओळखीचा वाटू नये आणि फोन काढून आयनॅचरलिस्टला, म्हणजे जिवांचे फोटो नोंदवून यंत्राकडून आणि जाणकारांकडून ओळख मिळवून देणाऱ्या ॲप-वेबसाइटला विचारावं, हे आता अगदी सरावाचं झालं आहे. फोटो दिला की दोन-चार सेकंदांत नावांची यादी समोर येते. नेहमीच्या जिवांच्या बाबतीत तिच्यातलं पहिलं नाव बहुतेकदा बरोबरही निघतं. पण जीव जितका अनोळखी, तितकं हे नाव चुकण्याची शक्यता वाढत जाते. तळी, ओढे, विहिरी, झरे, दलदली अशा ठिकाणी आजवर न नोंदलेलं काही शोधणाऱ्याला ही सेवा नेमकी कुठे साथ देते आणि कुठे दगा देते, एवढ्यापुरतंच हे परीक्षण आहे.

मत आधीच सांगून टाकायचं तर, नाव सांगणारं यंत्र म्हणून या कामात तिच्यावर विसंबू नये. नोंदवही म्हणून मात्र ती मनापासून वापरावी. नोंद इतकी पक्की करायची की नाव देऊ शकणारा माणूस पाच वर्षांनी जरी तिथे पोचला तरी त्याला काम सुरू करता यावं. पुढचं सगळं याच हिशेबानं वाचा.

सेवा मोफत आहे, जाहिराती नाहीत. २००८ मध्ये बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ती सुरू केली. २०१४ मध्ये ती कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसकडे गेली, २०१७ पासून नॅशनल जिओग्राफिक सोसायटी तिच्यात सामील झाली आणि २०२३ मध्ये ती स्वतंत्र ना-नफा संस्था झाली.

एक घोळ सुरुवातीलाच सोडवून घेऊ. 'नवी' म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. एक, विज्ञानालाच माहीत नसलेली, अजून नाव न मिळालेली प्रजाती. दुसरी, नाव असलेली पण त्या तळ्यात, त्या नदीखोऱ्यात किंवा त्या देशात आधी कुणी न नोंदलेली प्रजाती. गोड्या पाण्यातला जेलीफिश, क्रॅस्पेडाकुस्टा सोवर्बी, हे दुसऱ्या प्रकाराचं नमुनेदार उदाहरण. त्याचं वर्णन १८८० मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या कमळाच्या टाकीतल्या नमुन्यांवरून झालं, जीव मूळचा मात्र चीनमधल्या यांगत्से खोऱ्यातला. एखाद्या जुन्या खाणीच्या पाण्यात वर्षानुवर्षं काही दिसत नाही आणि एका उन्हाळ्यात अचानक दोन सेंटिमीटरच्या पारदर्शक छत्र्या तरंगायला लागतात. कारण त्याची जेमतेम मिलिमीटरभर उंचीची पॉलिप ही चिकटून राहणारी अवस्था तळाशी बारमाही असू शकते, छत्रीची अवस्था मात्र पाणी तापल्यावर आणि तीही लहरीनं येते. असा जीव फोटोवरून ओळखता येतो, म्हणून दुसऱ्या प्रकारच्या नव्या नोंदींसाठी ही सेवा फार उत्तम आहे. पहिल्या प्रकारात ती फक्त पहिली पायरी आहे.

नावं सुचवणारं यंत्र काय बघतं

फोटोवरून नाव सुचवणारं मॉडेल फक्त त्याला शिकवलेल्या प्रजातीच सुचवू शकतं. प्रजाती त्या शिकवणीत यायला तिचे साधारण शंभरेक फोटो आधी साइटवर असावे लागतात. ज्या जिवाचा एकही फोटो नाही, तो यादीत येणारच नाही. त्याच्या जागी येतो त्याचा सर्वात जास्त फोटो काढला गेलेला नातेवाईक. चतुर, टाचण्या, मोठे बेडूक यांच्यात हा धोका मर्यादित. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या, पाणकिडे, सूक्ष्म कवचधारी, गांडुळांचे पाण्यातले भाऊबंद यांच्यात तो प्रचंड, कारण त्यांच्या मोजक्याच प्रजाती यंत्राला माहीत असतात.

दुसरी चाळण याहून महत्त्वाची आहे आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. सुचवण्या देताना सेवा 'या परिसरात अपेक्षित' अशाच प्रजाती पुढे करते. ही अपेक्षा आधीच्या नोंदींवरून बांधलेली असते. म्हणजे या भागात आधी न नोंदलेला जीव, जो तुम्ही शोधताय, तोच या चाळणीत अडकतो. सुचवण्यांच्या यादीत परिसराबाहेरच्या प्रजातीही दाखवण्याचा पर्याय असतो. पाण्यातल्या जिवाची नोंद करताना तो प्रत्येक वेळी उघडून दोन्ही याद्या शेजारी शेजारी बघा. परिसराबाहेरच्या यादीतला पहिला उमेदवार आतल्यापेक्षा जास्त जुळत असेल तर थांबा. तिथे परक्या प्रजातीचा शिरकाव असू शकतो, किंवा दोन्ही चुकीचे असू शकतात. दोन्ही शक्यता नोंदवण्यासारख्या.

याच संस्थेचं सीक हे वेगळं ॲप आहे. खातं न उघडता कॅमेरा समोर धरला की नाव दाखवतं. मुलांना घेऊन तळ्याकाठी फिरायला छान. न नोंदलेल्या जिवासाठी निरुपयोगी, कारण मुद्दाम पुढे पाठवल्याशिवाय त्यातून सार्वजनिक नोंद होत नाही आणि कुणी तज्ज्ञ ते बघत नाही.

फोटो: इथेच निम्म्या नोंदी मरतात

अपलोड केलेला फोटो सेवा जास्तीत जास्त २०४८ पिक्सेल रुंद किंवा उंच ठेवते, त्याहून मोठा असेल तर लहान करते. हिशेब करून बघा. फोनचा फोटो ४००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात अळी ४०० पिक्सेल लांब दिसतेय. तसाच चढवला तर अळी उरते सुमारे २०५ पिक्सेलची. कल्ल्यांचा आकार, नखांची संख्या, सगळं धुवून गेलं. आधी कापून फक्त अळीचा भाग ठेवला तर पुरे ४०० पिक्सेल शिल्लक राहतात. म्हणून कापणं अपलोडच्या आधी. फक्त एक खबरदारी: काही संपादन ॲप कापताना फोटोतली जागा आणि वेळ पुसून टाकतात. नोंदीत पहिला फोटो मूळ ठेवा आणि पुढचे कापलेले जोडा, म्हणजे जागा मूळ फोटोतून उचलली जाते. मेसेजिंग ॲपवरून आलेला फोटो तर कधीच मूळ समजू नका. त्यातली जागा गेलेली असते आणि तारीख बऱ्याचदा डाउनलोडची लागते.

पाण्यातल्या जिवाचा फोटो हातावर घेऊन काढू नये. अंगावरचं पाणी चमकतं, कल्ले आणि केस चिकटून बसतात, आणि जीव गुदमरतो. पांढऱ्या उथळ ताटलीत त्याच ओढ्याचं सेंटिमीटरभर पाणी घ्या, जीव त्यात सोडा आणि गाळ खाली बसेपर्यंत मिनिटभर थांबा. प्रकाश बाजूनं हवा, वरून पडला तर पाण्यावर आभाळ उमटतं. हायड्रा, डॅफ्निया, जेलीफिश अशा पारदर्शक जिवांना ताटली काळी हवी. ताटली सावलीत ठेवा आणि दर काही मिनिटांनी पाणी बदला. वाहत्या थंड पाण्यातले जीव उन्हात तापलेल्या दोन घोट पाण्यात फार लवकर मरतात. काम झालं की जिथून घेतलं तिथेच सोडायचं, पुढच्या डोहात नाही.

काय टिपायचं ते गटागणिक बदलतं. एक उदाहरण जवळून बघू: बोटाच्या पेराएवढी, चकचकीत शंखाची गोगलगाय. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे असं धरा. तोंड उजवीकडे आलं तर ती उजवी, डावीकडे आलं तर डावी. डाव्या, निमुळत्या, बिनझाकणाच्या शंखात फायसिडी कुळ येतं, ज्यातली फायसेला अक्यूटा जगभर पसरलेली आहे. पण बुलायनस हा जीनसही (जीनस म्हणजे कुळाखालचा, जवळच्या प्रजातींचा गट) डावाच, आणि त्याच्या काही प्रजाती शिस्टोसोमा या रक्तातल्या परजीवीच्या वाहक आहेत. दोन्हींच्या स्पर्शिका बारीक दोऱ्यासारख्या असतात, त्यामुळे तेवढ्यावर भागत नाही. फायसिडीच्या बऱ्याच प्रजातींत शंखाच्या कडेवरून मांसल बोटांसारखे फाटे बाहेर आलेले दिसतात आणि बुलायनसमध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे अंगाला लालसर झाक येऊ शकते. याउलट लिम्नेइडी कुळातल्या गोगलगायी सहसा उजव्या, स्पर्शिका रुंद त्रिकोणी. म्हणून फोटो तीन तरी हवेत: शंख तोंडाकडून, शंख टोकाकडून, आणि गोगलगाय बाहेर येऊन चालत असताना. तिसऱ्यासाठी ताटलीत स्वस्थ ठेवून पाच-दहा मिनिटं वाट बघावी लागते. बहुतेक लोक हा फोटो काढतच नाहीत आणि मग शंखावर वर्षभर वाद चालतो.

आता यातला खरा सापळा. सेल्फी कॅमेरा किंवा एखादं संपादन ॲप फोटो आरशासारखा उलटा करतं, आणि उजवी गोगलगाय डावी होते. एका पालटलेल्या फोटोनं नोंद दुसऱ्याच कुळात जाते. उपाय साधा आहे. शंखाशेजारी आकडे असलेली मोजपट्टी ठेवा. माप तर मिळतंच, शिवाय आकडे सरळ दिसले म्हणजे फोटो पालटलेला नाही हे बघणाऱ्याला कळतं.

कीटकांच्या अळ्यांत पोटाच्या बाजूचा आणि पायाच्या नखांचा फोटो विसरू नका. स्टोनफ्लाय या मेफ्लायसारख्याच पाण्यात वाढणाऱ्या कीटकाच्या प्रत्येक पायाला दोन नखं असतात, मेफ्लायच्या अळीला एक. शेपटीचे धागे मोजून निर्णय घेणारे इथे फसतात, कारण मेफ्लायला सहसा तीन धागे असले तरी काही प्रजातींना दोनच असतात आणि जाळीत एखादा तुटतोही. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या वळ्यांवर कडेनं असतात. ते कितव्या वळ्यापासून सुरू होतात आणि पानासारखे की धाग्यांसारखे, हे दिसलं तर जीनसपर्यंत बरंच काम होतं. नुसता पाठीचा फोटो तज्ज्ञाला कुळावर थांबवतो.

व्हिडिओ चढवता येत नाही, ही मोठी उणीव आहे. पाण्यातले कितीतरी जीव पोहण्याच्या ढबीवरून पटकन ओळखू येतात. सध्या व्हिडिओतून निवडक चौकटी काढून क्रमानं लावणं एवढंच हातात आहे. आवाज मात्र चालतो, आणि बेडकांच्या बाबतीत तो फोटोपेक्षा मोलाचा ठरतो.

जागा, वेळ आणि एका नोंदीत एकच जीव

दरीत किंवा दाट झाडीत फोनची जागा शेकडो मीटर भरकटते. नोंदीत अचूकतेचं वर्तुळ मीटरमध्ये दिसतं, ते दरवेळी तपासा. ओढा दहा मीटर रुंद आणि वर्तुळ ८०० मीटरचं असेल तर जीव कुठल्या उपनदीतला तेही सांगता येत नाही. नकाशावर खूण हातानं सरकवता येते, वर्तुळही लहान करता येतं, पण जेवढी खात्री तेवढंच. जीपीएस नसलेला कॅमेरा असेल तर सुरुवातीला त्याचं घड्याळ फोनशी जुळवा आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर फोनवरच्या अक्षांश-रेखांशाचा एक फोटो कॅमेऱ्यानं काढून ठेवा.

नोंद म्हणजे एका वेळी, एका जागी, एक जीव. ट्रेमध्ये पाच प्रकार दिसत असतील तर पाच नोंदी करा, तोच फोटो प्रत्येकीत वेगळा कापून. जाळीत आलेल्या सहा सारख्या दिसणाऱ्या अळ्यांचे फोटो एकाच नोंदीत घालणं ही फार होणारी चूक. त्या सहांत दोन प्रजाती निघाल्या तर ती नोंद कुळाच्या पातळीवर कायमची अडकते.

टिपेच्या रकान्यात काय लिहायचं? पाणी वाहतं की साचलेलं, खोली, तळ दगडी की गाळाचा, सावली, पाण्याचं तापमान, जाळीच्या भोकाचा आकार आणि किती वेळ जाळी फिरवली. ओढ्यातल्या तळजिवांसाठी अर्धा ते एक मिलिमीटरची जाळी आणि तीन मिनिटं पायानं तळ ढवळणं ही बरीच रूढ पद्धत आहे. तरंगणाऱ्या सूक्ष्म प्राण्यांसाठी ५०-६० मायक्रॉनची जाळी लागते. हे न लिहिल्यास 'इथे हा जीव आधी नव्हता' की 'आधी कुणी इतक्या बारीक जाळीनं बघितलं नव्हतं', हे नंतर कुणालाच ठरवता येत नाही.

ओळख पटवण्याची रीत आणि तिचा गणिती सापळा

नोंदीच्या तीन पायऱ्या आहेत. तारीख, जागा, पुरावा यांतलं काही नसेल किंवा जीव पाळलेला असेल तर ती किरकोळ राहते. सगळं असेल तर 'ओळख हवी'. आणि किमान दोघांनी ओळख देऊन दोन-तृतीयांशापेक्षा जास्त लोक एका प्रजातीवर सहमत झाले की 'संशोधन दर्जा'. या दर्जाच्या, योग्य परवान्याच्या नोंदी जीबीआयएफ या २००१ मध्ये उभ्या राहिलेल्या जीवनोंदींच्या जागतिक साठ्यात जातात आणि तिथून संशोधनात वापरल्या जातात. परवाना मूळचा असतो तसा ठेवला, म्हणजे श्रेय देऊन बिगर-व्यापारी वापर, तर चालतं. 'सर्व हक्क राखीव' केलं तर नोंद साइटवर दिसते पण साठ्यात जात नाही. नोंदीचा परवाना आणि फोटोचा परवाना सेटिंगमध्ये वेगवेगळे आहेत, दोन्ही बघा.

सापळा असा. यंत्रानं सुचवलेलं चुकीचं नाव तुम्ही निवडलं आणि कुणी तरी सौजन्यानं 'सहमत' दाबलं, की दोघं झाले आणि नोंद संशोधन दर्जाची झाली. आता एका जाणकारानं त्याच जीनसमधलं दुसरं नाव दिलं तर तीनपैकी दोन, म्हणजे बरोबर दोन-तृतीयांश, जास्त नाही. नोंद जीनसवर घसरते. इथवर ठीक. पण बरोबर नावावर आणायची तर चार जाणकारही पुरत नाहीत, कारण सहापैकी चार पुन्हा बरोबर दोन-तृतीयांशच. पाच लागतात. आणि पाण्यातल्या गांडुळांचे किंवा ऑस्ट्राकॉड या सूक्ष्म कवचधाऱ्यांचे पाच जाणकार एका नोंदीवर जमणं फार अवघड. त्यामुळे खात्री नसताना प्रजातीचं नाव टाकू नका, जीनस किंवा कुळ टाका. दुसऱ्याच्या नोंदीवर 'सहमत' दाबण्याआधी जवळच्या प्रजातींपासून हा जीव वेगळा कशावरून, हे स्वतःला सांगता येत असेल तरच दाबा. आणि तुमची जुनी ओळख चुकलेली कळली तर ती मागे घ्या. मागे घेतलेली एक ओळख दोन जाणकारांचं काम वाचवते.

मोठ्या गटाचं नाव टाकताना साइट विचारते, आधीचं नाव चूक आहे असं म्हणायचंय की फक्त खात्री नाही. घाईत चुकीचं बटण दाबलं तर नकळत विरोध नोंदला जातो. दोन ओळी वाचून मगच पुढे जा.

ज्या जिवाला नावच नाही त्याचं काय? स्वतः बनवलेलं नाव लिहिलं तर ते यादीत सापडत नाही आणि नोंदीला वर्गीकरण मिळत नाही. तज्ज्ञांत एखादं तात्पुरतं नाव चालत असेल तर नोंदीच्या जादा रकान्यांत 'तात्पुरतं प्रजातीनाव' असा रकाना मिळतो, तिथे लिहावं. मुख्य ओळख जीनसवर ठेवावी. बुरशीचे अभ्यासक ही रीत चांगली वापरतात, पाण्यातल्या जिवांच्या लोकांनी ती उचलायला हवी.

सेवेचा सर्वात कमी वापरला जाणारा भाग

वेबसाइटवरची शोधचाळणी. ॲपमध्ये ती तोकडी आहे, म्हणून हे काम कॉम्प्युटरवर करा. आपला भाग निवडायचा, गट निवडायचा, आणि जीनसच्या खाली न गेलेल्या नोंदी वेगळ्या काढायच्या. वर्षानुवर्षं जीनसवर अडकलेल्या, चांगले फोटो असलेल्या नोंदी म्हणजे न नोंदलेल्या प्रजातींचा ढीग. कॅलिफोर्नियातल्या कोरड्या खारट तळ्यांच्या काठचे दोन विंचू असेच हाती लागले. कोएन लेकवरचा एक विंचू २०१९ पासून साइटवर बेनाव पडून होता. दोन शालेय विद्यार्थ्यांनी तो हेरला, आणि २०२२ मध्ये कॅलिफोर्निया अकॅडमीच्या तज्ज्ञासह पॅरुरॉक्टोनस कन्क्लूसस आणि पॅरुरॉक्टोनस सोडा या प्रजातींचं वर्णन झूकीज या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. टेक्सासच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२४ मध्ये एका स्वयंसेविकेला दिसलेली लोकरी पानांची इवलीशी वनस्पती कुणालाच ओळखेना. फोटो आयनॅचरलिस्टवर गेले, आणि २०२५ मध्ये तिच्यासाठी ओव्हिक्युला हा नवा जीनसच करावा लागला. या दोन्ही ठिकाणी यंत्रानं नाव दिलं नाही. न सुटलेली नोंद जपून राहिली आणि योग्य नजरेसमोर आली.

प्रजातीच्या पानावर 'सारख्या दिसणाऱ्या प्रजाती' असा भाग आहे. लोक तिला कशाकशाशी गोंधळतात ते तिथे आकड्यांसह दिसतं. आपल्या जिवाचा फोटो आणि ते पान शेजारी उघडून वेगळेपणाच्या खुणा लिहून काढा, आणि मगच नोंदीखाली नेमका प्रश्न विचारा. 'हे काय आहे?' याला उत्तर क्वचित येतं. 'कल्ले दुसऱ्या वळ्यापासून आहेत, मग हा अमुक जीनस कसा?' याला येतं.

नकाशावर खूण नाही म्हणजे जीव तिथे नोंदलेला नाही, असं समजू नका. आयनॅचरलिस्टचा नकाशा फक्त आयनॅचरलिस्टचा. जीबीआयएफवर संग्रहालयांचे नमुने दिसतात, माशांसाठी एश्मायर यांचा मत्स्यसूचीकोश आहे, आणि बरंच काही अजून छापील शोधनिबंधांतच आहे. हे तिन्ही बघितल्याशिवाय 'पहिली नोंद' हे शब्द टिपेत लिहू नयेत.

जिथे सेवा संपते

फोटोवरून प्रजातीला नाव देता येत नाही का? क्वचित तसं झालं आहे. दक्षिण आफ्रिकेतली मार्लीमाया झायलोकोपी ही माशी २०१५ मध्ये फक्त फोटोंवरून वर्णिली गेली आणि त्यावर मोठा वाद झाला. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार १९९९ नंतरच्या नव्या प्रजातीसाठी नामधारक नमुना, म्हणजे ते नाव ज्याच्याशी कायमचं जोडलं जातं तो नमुना, स्पष्ट ठरवावा लागतो, आणि व्यवहारात तो संग्रहालयात ठेवलेला खरा जीव असावा अशीच अपेक्षा असते. आयनॅचरलिस्टवरची नोंद हे नामकरण नव्हे.

केरळमधल्या जांभ्याच्या भूजलात राहणारा, लालभडक, डोळे नसलेला चिमुकला मांजरमासा होराग्लॅनिस पॉप्युली याचं वर्णन २०२३ मध्ये झालं. विहिरींतून वर आलेले मासे स्थानिक लोकांनी संशोधकांपर्यंत पोचवले, म्हणून नावात 'लोक'. या जीनसमधल्या प्रजाती बाहेरून इतक्या सारख्या दिसतात की त्या डीएनएवरूनच वेगळ्या पडल्या. इथे कितीही चांगला फोटो अपुराच. गोड्या पाण्यातले स्पंजही तसेच: फोटोत फक्त खरबरीत थर दिसतो, ओळख सूक्ष्मदर्शकाखालच्या काट्यांवर आणि सुप्त गोळ्यांवर ठरते.

म्हणजे नमुना लागतो. तो घेण्याआधी त्या जागेचे वन्यजीव आणि मासेमारीचे नियम बघून परवानगी घ्या, शक्य तिथे आधी संग्रहालयाशी बोला. डीएनएसाठी ९५ टक्के इथेनॉल, नमुन्याच्या किमान दहा पट. जिवाच्या अंगातलं पाणी इथेनॉल पातळ करतं, म्हणून २४ तासांनी ते बदला. फॉर्मॅलिन नको, त्यानं डीएनए वाचण्याजोगा राहत नाही. चिठ्ठी जाड कागदावर पेन्सिलीनं लिहून बाटलीच्या आत टाका, बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाहेरचं लेबल गळून पडतं. झाकणाच्या गोगलगायी इथेनॉलमध्ये थेट टाकल्या तर झाकण मिटून घेतात, इथेनॉल आत शिरत नाही आणि मांस कुजतं. शंखाला छोटी चीर पाडावी लागते. चिठ्ठीवर आयनॅचरलिस्टच्या नोंदीचा क्रमांक लिहा आणि नोंदीत नमुन्याचा क्रमांक. हा दुहेरी धागा जुळला की सेवेचं मोल कितीतरी वाढतं: जिवंतपणीचा रंग फोटोत, शरीर बाटलीत. इथेनॉलमध्ये रंग काही दिवसांत उडतो, त्यामुळे तो फोटो परत कधीच मिळणार नसतो.

शेवटी जागा लपवण्याबद्दल, कारण इथे चूक झाली तर दुरुस्त होत नाही. नोंद 'धूसर' केली की खरी जागा सुमारे ०.२ अंश बाजूच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते, विषुववृत्ताजवळ हा चौकोन साधारण २२ किलोमीटर बाजूचा, आणि इतरांना तारीखही फक्त महिन्यापुरती दिसते. बऱ्याच संकटग्रस्त प्रजातींना हे आपोआप लागतं. पण नाव नसलेल्या जिवाला संकटग्रस्त कोण ठरवणार? त्याची नोंद उघडीच राहते. एकाच झऱ्यात, एकाच गुहेत असलेला देखणा मासा किंवा खेकडा सापडला तर अपलोड करतानाच धूसर पर्याय निवडा, कारण शौकिनांच्या टाक्यांसाठी पकडणारेही हेच नकाशे बघतात. टिपेत गावाचं, देवळाचं, रस्त्याचं नाव लिहू नका. काम करणाऱ्या संशोधकाला खरी जागा साइटवरच विश्वासू म्हणून दाखवता येते. फक्त लक्षात ठेवा, धूसर नोंद जीबीआयएफवरही धूसरच जाते, आणि २२ किलोमीटरच्या चौकोनात दोन वेगळी नदीखोरी सहज येतात. म्हणून अचूक अक्षांश-रेखांश स्वतःच्या वहीत आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर वेगळे लिहून ठेवा.

आणि पुढच्या तळ्यावर जाण्याआधी जाळी, बूट, ताटली घासून धुवा आणि किमान ४८ तास पूर्ण कोरडी होऊ द्या. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी आणि परक्या गोगलगायींची अंडी ओल्या जाळीतूनही एका पाण्यातून दुसऱ्यात जातात.